छिद्र सातचं पाच झालं, म्हणजे भरतंय का?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय. बार्शीहून एका आईनं लिहिलंय:

"मॅडम, माझी मुलगी सात महिन्यांची आहे. अडीच महिन्यांची असताना दूध पिताना कपाळावर घाम यायचा, दोन घोट पिऊन थांबायची, धाप लागायची. सोलापूरला टूडी इको केला तर हृदयात ७ मिमीचं छिद्र निघालं. त्या डॉक्टरांनी दोन औषधं दिली आणि सहा महिन्यांच्या आसपास ऑपरेशन करून घ्या म्हणाले. औषधांनी धाप कमी झाली, घामही थांबला. गेल्या आठवड्यात इथे जवळच परत इको केला तर ५ मिमी आलं, आणि आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले की छातीतला आवाजही आधीपेक्षा हळू वाटतोय. सासूबाई म्हणतात बघ, आपोआप भरतंय, शेजारच्या वहिनींच्या मुलाचं पण दोन वर्षांत बंद झालं, दहा किलोची होऊ दे मग बघू, पोरीच्या जातीला छातीवर एवढा मोठा व्रण कशाला. वजन ५ किलो २०० ग्रॅम आहे. रिपोर्टमध्ये सीटी करा असंही लिहिलंय, एवढ्याशा बाळाला रेडिएशन चालतं का? मिस्टर म्हणतात आता छत्री टाकून बिनटाक्याचं होतं. मशीनवर निळं रक्त दिसत होतं, ते खराब रक्त का? आणि मी सहाव्या महिन्यात असताना ग्रहण होतं, त्या दिवशी विसरून भाजी चिरली होती. त्यानं झालं असेल का? रात्रीची झोप लागत नाही."

ताई, झोप लागत नाही म्हणालात म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेते. बाळाचं हृदय पोटात साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात तयार होतं. म्हणजे पाळी चुकली की नाही, स्ट्रिप आणायची की नाही हे बाई ठरवत असते तेव्हा तिकडे हृदयाचे कप्पे आणि मधले पडदे घडत असतात. तुमचं ग्रहण सहाव्या महिन्यातलं. तोवर त्या पडद्याचं जे व्हायचं ते होऊन चार महिने झाले होते. तुम्ही त्या दिवशी भाजी चिरली काय आणि अख्खा दिवस अंधारात झोपून काढला काय, छिद्रात फरक पडला नसता. पपई, जिना, स्कूटर, कुणाची नजर, हे सगळं मी रोज ऐकते आणि एक गंमत बघा, बापानं काय केलं हे कधीच कुणी विचारत नाही. दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात आणि बहुतेकांत एकच असं कारण सापडत नाही. आईला आधीपासून शुगर असणं, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला होणं, फिटची काही औषधं, डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा फरक, ही माहीत असलेली कारणं, यातलं तुमच्या पत्रात काही नाहीये. त्यामुळे ग्रहण आता सोडून द्या.

आता मुद्द्यावर. तुमच्या घरात सगळ्यांनी दोन आकडे धरलेत, ७ आणि ५. मी तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्टचे फोटो उघडले तेव्हा पहिल्यांदा हे आकडे बघितलेच नाहीत, खाली बारीक अक्षरात ग्रेडियंट, म्हणजे छिद्राच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक, लिहिलंय तिथे गेले. पहिल्या रिपोर्टमध्ये १४, दुसऱ्यात १६. म्हणजे जवळजवळ तेच.

हे समजायला जरा पाच मिनिटं द्या, मिस्टरांनाही शेजारी बसवा. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात प्रेशर जास्त असतं, कारण तिथून अख्ख्या अंगाला रक्त जातं, आणि उजव्यात कमी, कारण तिथून फक्त शेजारच्या फुप्फुसात जायचं असतं. मधल्या पडद्याला छिद्र असलं की डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं. छिद्र छोटं असेल तर दोन्हीकडच्या प्रेशरमधला फरक टिकून राहतो आणि रक्त तिथून जोरात पिचकारीसारखं जातं. छिद्र मोठं असेल तर फरक उरतच नाही, रक्त आरामात जातं. इकोवर आम्ही हाच वेग मोजतो आणि त्यावरून हिशोब करतो, वेग गुणिले वेग गुणिले चार. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर फरक ६४. सात महिन्यांच्या बाळाचं वरचं बीपी ८० धरलं तर ८० मधून ६४ गेले, उजवीकडे प्रेशर उरलं १६. झकास, फुप्फुसं सुरक्षित. आणि वेग २ मीटर असेल तर फरक फक्त १६, म्हणजे ८० मधून १६ गेले, उजवीकडे ६४. जिथे वीस-पंचवीसच्या आसपास असायला पाहिजे तिथे ६४. तुमच्या मुलीचं हे दुसरं गणित आहे.

म्हणजे छिद्र खरोखर लहान होत असतं तर हा आकडा १६ वरून ३०, ४०, ५० असा चढायला हवा होता. तो जागेवरच आहे. मग ५ मिमी कुठून आलं? अहो, छिद्र काही पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल नसतं. लांबट असतं, तिरकं असतं, कडेला झडपेचा पापुद्रा लोंबत असतो. एका बाजूनं मापलं तर ७, प्रोब, म्हणजे छातीवर फिरवतो तो दांडा, जरा वळवला तर ५, त्यात बाळ रडत असेल आणि मशीन मोठ्या माणसांसाठी सेट केलेलं असेल तर अजूनच गोंधळ. मी स्वतः एकाच बाळाचं सकाळी आणि संध्याकाळी वेगळं माप लिहिलेलं आहे. मिलिमीटर हा आकडा लोकांना कळतो म्हणून लोक तो धरून बसतात, पण आम्ही त्याच्यावर एकट्यावर निर्णय घेत नाही.

आवाजाचं तर आणखी उलटं आहे. दार किलकिलं राहिलं की वारा शिट्टी वाजवतो, सताड उघडं असेल तर वारा येतो पण आवाज नाही. छोट्या छिद्राचा आवाज मोठा आणि मोठ्या छिद्राचा हळू, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं पण तसंच आहे. शेजारच्या वहिनींच्या मुलाला डॉक्टरांनी बहुतेक "आवाज खूप मोठा आहे" असंच सांगितलं असणार आणि त्या घाबरल्या असणार, तर ते त्याचं नशीब चांगलं म्हणून. पडद्याच्या मांसल भागातली बारकी छिद्रं वर्ष-दोन वर्षांत खूपदा आपोआप बंद होतात, त्यांना फक्त अधूनमधून इको आणि दातांची काळजी एवढंच लागतं. त्यांचा मुलगा आणि तुमची मुलगी, दोघांच्या फाईलवर व्हीएसडी, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, असंच लिहिलेलं असेल, पण आजार एक नाही.

आता जरा कठीण बोलते. मोठ्या छिद्राचं बाळ मधेच बरं वाटायला लागतं याची तीन कारणं असतात. एक, छिद्र खरंच लहान झालं. दोन, औषधं काम करतायत. तिसरं वाईट आहे. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर महिनोन्महिने जास्त रक्त जास्त प्रेशरनं आदळत राहिलं की त्या आतून जाड व्हायला लागतात, जास्तीचं रक्त आत घेणं बंद करतात. मग धाप थांबते, घाम थांबतो, न्यूमोनिया व्हायचा थांबतो, वजनही जरा वाढतं आणि आवाज हळू होतो. घरात पेढे वाटतात. आणि काही वर्षांनी रक्त उलट फिरतं, उजवीकडून डावीकडे, आणि मूल निळं पडायला लागतं. व्हिक्टर आयझेनमेंगर या डॉक्टरांनी १८९७ साली असा एक ३२ वर्षांचा पेशंट लिहून ठेवला, तेव्हापासून हे त्यांच्या नावानं ओळखलं जातं. या टप्प्यावर गेल्यावर छिद्र बंद करता येत नाही. करता येत नाही म्हणजे अवघड असतं असं नाही, केलं तर पेशंट दगावतो, कारण ते छिद्रच मग उजव्या कप्प्याची सुटकेची वाट झालेलं असतं.

माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. नखं जांभळी, बोटांची टोकं टिपरूसारखी गोल फुगलेली, जिना चढताना दोनदा बसली. तिच्या वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुनी फाईल काढली, त्यात ती सहा महिन्यांची असतानाचा इको होता, मोठं छिद्र, ऑपरेशन करा असं स्वच्छ लिहिलेलं. मग का नाही केलं विचारलं तर म्हणाले, मॅडम, ती बरी झाली होती. मी काय बोलणार? त्यांचं काही खोटं नव्हतं, ती खरंच बरी दिसत होती.

घाबरवायला सांगत नाहीये. तुमच्या मुलीचं तिसरं कारण नाही असं मला रिपोर्टवरून वाटतंय आणि का ते पण सांगते. दुसऱ्या रिपोर्टमध्ये डावा वरचा आणि डावा खालचा, दोन्ही कप्पे मोठे झालेत असं लिहिलंय. हे वाचून तुम्ही घाबरला असाल, मी मात्र खूश झाले. फुप्फुसात गेलेलं जास्तीचं रक्त परत डावीकडेच येतं, त्यामुळे डावी बाजू फुगते. ती फुगलेली आहे म्हणजे फुप्फुसं अजून रक्त घेतायत, वाहिन्या अजून मऊ आहेत. ऑक्सिजन ९७ आहे आणि छिद्रातून रक्त डावीकडून उजवीकडेच जातंय. म्हणजे बरं वाटतंय ते औषधांमुळे. छिद्र तेवढंच आहे, आणि वेळ अजून हातात आहे. पण हा वेळ महिन्यांत मोजायचा. साधारण वर्ष ते दोन वर्षं या वयात वाहिन्या कायमच्या बिघडायला लागतात, काहींच्या त्याआधीही, म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते.

दहा किलोची वाट बघायची तर कधी होणार दहा किलो? जन्मली तेव्हा २ किलो ८००, आता ५ किलो २००. या वयाच्या मुली साधारण साडेसात किलोच्या असतात. तिनं खाल्लेलं सगळं धापा टाकण्यात आणि हृदय पळवण्यात जातंय, म्हणून ती बाळसं धरत नाही. वजन वाढलं की ऑपरेशन असं नसतं, ऑपरेशन झालं की वजन वाढतं. लहान मुलांची हृदयं करणारे सर्जन तीन-चार किलोच्या बाळांची ऑपरेशनं रोज करतात.

आता छत्रीचं, म्हणजे छाती न उघडता नसेतून नळीनं नेऊन छिद्रात बसवायच्या झाकणाचं. मिस्टरांनी यूट्यूबवर बघितलंय ते खरं आहे, पण बहुतेक व्हिडिओ असतात ते वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राचे. तुमच्या मुलीचं छिद्र खालच्या कप्प्यांत, महाधमनीच्या झडपेच्या अगदी खाली आहे आणि शेजारूनच हृदयाची वायरिंग, म्हणजे ठोक्यांचा करंट नेणारे तंतू, जाते. पाच किलोच्या बाळात तिथे डिव्हाइस बसवायचा म्हणजे झडप दाबली जायची आणि वायरिंगला धक्का लागायची भीती. इथे ऑपरेशनच बरं.

रेडिएशनबद्दल. रिपोर्टमध्ये सीटी लिहिलाय तो छिद्रासाठी नाही, छिद्र इकोवरच सगळ्यात चांगलं दिसतं. पुढची ओळ वाचा, "आर्च नीट दिसली नाही". महाधमनी हृदयातून निघून छत्रीच्या दांड्यासारखी वळते त्या वळणाला आर्च म्हणतात, आणि मोठ्या छिद्राच्या काही बाळांत तिथे पुढे वाहिनी अरुंद असते. ते आधी कळायला हवं, नाहीतर सर्जन छिद्र बंद करतील आणि अरुंद जागा तशीच राहील. ती बघायला प्रोब गळ्याच्या खळगीत ठेवावा लागतो आणि तिथे प्रोब ठेवला की शंभरातली नव्वद बाळं किंचाळतात. तुमची पण रडली असणार. म्हणून आधी लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे, झोपेचं औषध देऊन एक नीट इको होऊ दे, आणि त्यांनी जांघेतली नाडी आणि हातापायाचं बीपी तपासू दे. त्यात आर्च स्वच्छ दिसली तर सीटीची गरजच नाही. नाही दिसली तर मात्र बिनधास्त करा, आताच्या मशीनवर काही सेकंदांचं काम आहे आणि बाळांसाठी डोस कमी ठेवतात. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं पण खूप वेळ निपचित पडायला लागतं, एवढ्या बाळाला त्यासाठी भूल द्यावी लागते, इथे उगाच कशाला.

झोपेच्या इकोला जाताना एक करा, सकाळी लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. बार्शीहून येताना हे अवघड आहे मला माहितीये, एसटीत तर बाळं हमखास झोपतात आणि दारात आली की टक्क जागी, मग औषध देऊन सुद्धा तासभर आम्ही सगळे तिच्याभोवती अंगाई म्हणत उभे. पाजायचं कधी थांबवायचं ते तिथले लोक सांगतील तसंच करा.

आणि निळं रक्त! हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मी आता प्रोब ठेवायच्या आधीच सांगून टाकते. मशीनवरचे लाल-निळे रंग चांगल्या-वाईट रक्ताचे नाहीत. प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, एवढंच. प्रोब दुसऱ्या बाजूला ठेवला की तेच रक्त लाल दिसेल. हे अख्खं मशीन आवाजावर चालतं, त्यात रेडिएशन शून्य, कितीही वेळा करा. याची सुरुवात पण गमतीशीर आहे, स्वीडनमध्ये १९५३ साली एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे फिजिक्सवाले यांनी जहाजाच्या कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं आणून माणसाच्या छातीवर लावलं. असो, विषयांतर झालं.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाही पण पत्रात मधे "मिस्टरांचा टेम्पो आहे" आलं म्हणून सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, अंगणवाडीत तपासायला गाडी येते ना, तीच. त्यांना या दोन फाईली दाखवा, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात आणि पुढे ऑपरेशनची सोय लावतात. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. बाळाचं आधार काढलं नसेल तर उद्याच काढा, मी फक्त त्यासाठी तारखा पुढे गेलेल्या बघितल्यात.

तारीख मिळेपर्यंत औषधं एक दिवसही बंद करायची नाहीत, बरी दिसतेय म्हणून तर अजिबातच नाही. वजन वाढलं की डोस वाढवून घ्या. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं पण वारंवार, आणि वरचं खाणं सुरू केलं असेल तर डाळीचं पाणी देऊ नका. त्या पाण्यात काही नसतं हो. डाळच द्या, घोटून घट्ट, वर चमचाभर तूप. लसी सगळ्या वेळेवर, न्यूमोकोकलची विशेष. घरात सर्दी-खोकला झालेल्यानं तिला घ्यायचं नाही, कारण ऐन तारखेला छाती भरली तर ऑपरेशन पुढे जातं. पोट-छाती उडायला लागली, पिणं निम्म्यावर आलं, ओठ निळे वाटले, तर रात्र काढू नका, उचलायचं आणि न्यायचं.

सासूबाईंशी कसं बोलायचं हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळत नाही. पण "पोरीच्या जातीला व्रण" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय आणि मुलाच्या बाबतीत एकदाही ऐकलेलं नाही. मुलींच्या तारखा "घरी विचारून सांगतो" म्हणून जातात, त्या परत येतच नाहीत. त्यांना विचारा, छातीवर बोटभर रेघ असलेली नात पाहिजे की नखं निळी पडलेली? एवढं तोडून बोलणं जमत नसेल तर माझं नाव सांगून बोला. वेळेत बंद झालं आणि प्रेशर खाली आलं तर ही मुलगी पळेल, कबड्डी खेळेल, लग्न करेल, तिची तिची बाळंतपणं होतील. धोका शून्य नाही, चांगल्या ठिकाणी शंभरात एक-दोन असा असतो, आणि एखाद्या बाळाला पेसमेकर लागू शकतो, हे सर्जन सही घेताना सांगतील तेव्हा दचकू नका. छिद्रावर शिवतात तो पॅच, म्हणजे ठिगळ, पुढे लहान पडेल का असं सगळे विचारतात. नाही पडत, हृदय वाढतं तेव्हा पॅचवर तिचंच अस्तर चढतं.

पुढच्या वेळी दिवस राहिले तर अठरा ते बावीस आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा वेगळा इको करून घ्या. दुसऱ्या बाळाला दोष असायची शक्यता शंभरात दोन-तीन, म्हणजे सत्त्याण्णव वेळा काही नसतं. या वेळी सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणून त्या डॉक्टरांवर राग धरू नका, पोटात दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखंच असतं, त्यामुळे छिद्रातून धार दिसत नाही आणि अशी छिद्रं सुटतात.

एक राहिलं. ऑपरेशननंतर साधारण आठ-दहा दिवसांत घरी सोडतात, पण छातीचं हाड जुळायला सहा आठवडे लागतात. तोवर तिला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, सुपात धान्य घेतल्यासारखं अख्खं उचलायचं. हे हॉस्पिटलमध्येच सासूबाईंना पण करून दाखवायला सांगा, घरी आल्यावर पहिलं त्याच उचलणार आहेत.